दिवाणखान्यात बोललेले वाक्य परत घेण्याबाबत

प्रति,
मा. सदस्य-सचिव,
नीतिमत्ता समिती,
जनपद कुटुंबस्वास्थ्य संशोधन प्रतिष्ठान,
मुख्य कार्यालय, पुणे.

अर्जदार : सौ. हेमावती वेणुगोपाल राव, वय ३३, शिक्षिका, राहणार हनुमंतनगर, बेंगळुरू. सध्या मुक्काम माहेरी, होसकोटे.

विषय : पुरुषांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या अभ्यासातील डॉक्टरांनी अर्जदाराच्या घरी, सासूबाईंसमोर काढलेले उद्गार त्याच घरी येऊन मागे घेण्याबाबत व अर्जदाराच्या गर्भधारणेची नोंद दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराने आपल्या बेंगळुरू शाखेस यापूर्वी दिलेले इंग्रजी व कन्नड अर्ज. (पैकी इंग्रजी अर्जाचे उत्तर आले. त्यात अभ्यासात रस दाखवल्याबद्दल आभार मानले आहेत.)

महोदय,

अर्जदाराची सासर-माहेरची दोन्ही घराणी कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आली आणि इथलीच झाली. मराठी घरात बोलायची, उंबऱ्याबाहेर कन्नड, अशी रीत. मराठी लिहिण्याचा सराव नाही, तेव्हा वाक्याला कानडी वळण आल्यास सांभाळून घ्यावे. इंग्रजीत लिहून झाले, कन्नडमध्ये लिहून झाले. समितीचे सचिव पुण्यात बसतात असे कळले, म्हणून ही तिसरी भाषा.

मोठी मुलगी संपदा झाल्यानंतर पाळणा लांबवण्याचे सगळे उपाय अर्जदारानेच केले. तांबी बसवली तर अंगावरून इतके जायचे की शाळेत फळ्यासमोर उभे राहणे मुश्कील होई. गोळ्या घेतल्या तर अर्धे डोके दुखे. तिचे पती श्री. वेणुगोपाल इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीच्या हिशेब विभागात आहेत. तिथे आपल्या शाखेची माणसे माहिती द्यायला आली होती. वेणुगोपाल यांनी त्याच संध्याकाळी घरी येऊन इंजेक्शनाची गोष्ट काढली. सासूबाई शारदाबाई म्हणाल्या, "पुरुषमाणसानं असलं काही करून घ्यायचं? आपल्यात कुणी ऐकलंय का?" तेव्हा वेणुगोपाल म्हणाले, "इतकी वर्षं हिनं सोसलं, अम्मा. आता माझी पाळी. सुईच तर आहे." त्या संध्याकाळी अर्जदारास नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नात हार घालतानाही वाटला नव्हता. हे समितीने मुद्दाम ध्यानात ठेवावे. पुढे जे मोडले ते एका चांगल्या घरातले होते.

इंजेक्शन दिले गेले. पुढे शाखेत पतीच्या वीर्याची तपासणी झाली आणि आता दुसऱ्या कोणत्याही खबरदारीची गरज नाही, निर्धास्त राहा, असे दोघांना सांगण्यात आले. दोघे निर्धास्त राहिले. त्यानंतरच्या वर्षी अर्जदारास दिवस गेले.

वेणुगोपाल यांना सांगितले तेव्हा ते आधी हसले. "म्हणजे औषध नापास झालं म्हण की!" असे म्हणून त्यांनी स्वतः शाखेला फोन लावला. औषध चुकले तर अभ्यास करणाऱ्यांना ते कळायला हवे, इतका सरळ विचार त्यामागे होता. शाखेने घरभेटीसाठी अभ्यासाचे डॉक्टर पाठवले. ते दिवाणखान्यात बसले. शारदाबाईंनी कॉफी आणली आणि तिथेच खुर्चीवर टेकल्या. डॉक्टरांनी अर्जदारास एकही प्रश्न विचारला नाही. बरे वाटते का, एवढेसुद्धा नाही. ते वेणुगोपाल यांच्याकडे बघून स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाले, "आमच्या तपासणीत तुमच्यात काहीच आढळलं नव्हतं. हे इंजेक्शन फेल होत नाही. कारण बाहेरचं असणार. तुम्ही घरातच नीट विचारून घ्या."

मग त्यांनी कॉफी संपवली, चांगली झाल्याचे सांगितले आणि बूट घालून निघून गेले.

महोदय, ज्या वाक्याबद्दल हा अर्ज आहे ते हेच.

त्यानंतर घरात भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते. शारदाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून देवघरातला दिवा स्वतः लावायला सुरुवात केली. "तुझं अंग जड आहे, राहू दे," म्हणाल्या. पण संपदाच्या वेळी नवव्या महिन्यातही दिवा अर्जदारच लावत होती. वेणुगोपाल हॉलमध्ये झोपू लागले. अर्जदाराने विचारले, "तुमच्या मनात आहे का काही?"

"तसं काही नाही गं," ते म्हणाले. "पण डॉक्टर माणूस उगाच कसा बोलेल?"

काही दिवसांनी त्यांनीच तोड काढली. बाळ जन्मले की त्याची चाचणी करून घेऊ, म्हणजे कुणाचे तोंड उघडणार नाही. अर्जदार म्हणाली, "आधी तुमची करा. सुई तुम्हाला दिली होती." त्यावर ते म्हणाले की आता वर्षअखेरीचे काम आहे, रजा मिळणार नाही. ते खोटे बोलत नव्हते, काम होतेच. पण बाळाच्या चाचणीला त्यांच्याकडे वेळ होता आणि स्वतःच्या चाचणीला नव्हता, हे कळल्यावर अर्जदार संपदाला घेऊन होसकोट्याला निघून आली.

इथून आपल्या शाखेच्या खेपा सुरू झाल्या. होसकोट्याहून कोरमंगलाला, वाढत्या पोटानिशी, बस बदलून. अर्जदाराचे मागणे एवढेच होते की पतीस बोलावून पुन्हा तपासा. खिडकीवरच्या मुलीने नाव विचारले, संगणकात पाहिले आणि सांगितले की या नावाची व्यक्ती अभ्यासात नाही. पतीचे नाव सांगितले तर, "त्यांची माहिती तुम्हाला देता येत नाही, मॅडम. गोपनीय असते." अर्जदाराने पोटावर हात ठेवून विचारले, "आणि हे?" ती मुलगी खरोखर गोंधळली. आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, "हे अभ्यासाबाहेरचं आहे."

पुढच्या खेपेस एका अधिकाऱ्याने समजावले की पत्नीस गर्भ राहिल्यामुळे पतीचा अभ्यासातील सहभाग संपलेला आहे. सहभाग संपलेल्या पुरुषाची शाखेत तपासणी होत नाही. गर्भाचे कारण 'बाह्य' असे नोंदले गेले आहे. ते कारण बदलायचे तर पतीची तपासणी लागेल. अर्जदार विज्ञान शिकवते. सातवीच्या मुलाने प्रयोगाच्या वहीत असे लिहिले असते तर तिने पान फाडून पुन्हा लिहायला लावले असते. अधिकाऱ्याला तिने तसे सांगितले. ते म्हणाले, "स्वल्प समजून घ्या, अम्मा. वरून तसं आहे."

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर एक बाई शेजारी येऊन बसली. तिने खिडकीवरचे बोलणे ऐकले होते. तिचेही यजमान याच अभ्यासात आहेत. ते आत तपासणीला गेले होते. तिने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "अक्का, तुम्ही सांगितलंत तरी. मी सांगितलंच नाही." तिलाही दिवस गेले होते. तीच भीती वाटून तिने घरात चकार शब्द काढला नाही, दुकानातून गोळ्या आणून एकटीने सोसले, आणि नवऱ्याला सांगितले की पाळी जरा जास्त झाली. रक्त थांबत नव्हते तरी दवाखान्यात गेली नाही. "औषध फेल होत नाही म्हणतात," ती म्हणाली, "मग माझं कोण ऐकणार?" तेवढ्यात यजमान बाहेर आले, आणि ती उठून हसत त्यांच्याबरोबर गेली.

तिचे नाव अर्जदारास माहीत आहे. ते या अर्जात नाही आणि सुनावणीतही मिळणार नाही. पण समितीने एक विचार करावा. औषध चुकले हे सांगणाऱ्या बाईची अब्रू जाते. न सांगणारी बाई जिवानिशी जाता जाता वाचते. आणि दोघींच्या माघारी आपल्या अहवालात औषध कधीच चुकत नाही. हा अभ्यास परदेशांतही दाखवला जाणार आहे, आपल्यासारख्याच गरीब देशांत वापरला जाणार आहे, असे माहितीपत्रकात छापले आहे. तिथेही दिवाणखाने असतील.

ही हकीगत अर्जदाराने नाव न घेता वेणुगोपाल यांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, "ती बाई मेली असती, हेमा." दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते स्वतःहून एका साध्या खासगी प्रयोगशाळेत गेले. शुक्राणू होते, थोडेथोडके नव्हते. ते तसेच घरी गेले आणि आईला म्हणाले, "अम्मा, इंजेक्शन उतरलंय. पण ते कळायच्या आधीच मी हिच्या बाजूनं बोलायला हवं होतं. बोललो नाही."

शारदाबाई त्या रविवारी होसकोट्याला आल्या. फाटकाशी उभ्या राहून त्यांनी विचारले, "हेमा, आत येऊ का?" सासू माहेरच्या दारात परवानगी मागते, हे अर्जदाराच्या आईलाच सहन झाले नाही, तीच धावत पुढे गेली. शारदाबाई म्हणाल्या, "मी त्या डॉक्टराचं ऐकलं. तुला विचारलंसुद्धा नाही." अर्जदाराने त्यांना जेवू घातले. परत मात्र ती अजून गेलेली नाही. मधल्या काळात बाळंतपण झाले. मुलगी झाली. नाव संहिता ठेवले आहे. वेणुगोपाल दर शनिवारी येतात, मुलीला मांडीवर घेऊन बसतात आणि निघताना "कधी येतेस?" असे विचारतात. अर्जदार "बघू" म्हणते. समितीच्या हातात यातले काही नाही, हे तिला समजते.

समितीच्या हातात आहे ते असे. खासगी प्रयोगशाळेचा निकाल शाखेने बाहेरचा म्हणून नाकारला आणि उलट कळवले की नवजात मुलीची पितृत्व चाचणी करून दिल्यास फेरविचार होईल. अर्जदार ही चाचणी करू देणार नाही. परीक्षा औषधाची चालू होती. तिची नव्हती, आणि तिच्या मुलीची तर नव्हतीच. तेव्हा पतीस शाखेने बोलावून पुन्हा तपासावे आणि औषध चुकले असेल तर चुकले असे लिहावे. इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येक पुरुषाच्या बायकोस, नवऱ्यासमोर आणि तिच्या भाषेत सांगावे की हे औषध चुकू शकते, चुकल्यास ताबडतोब या, तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. आणि ज्या डॉक्टरांनी आमच्या दिवाणखान्यात ते वाक्य उच्चारले त्यांनी तिथेच येऊन, शारदाबाईंसमोर, तशाच स्वच्छ कन्नडमध्ये ते मागे घ्यावे. पत्राने दिलगिरी नको. पत्र शारदाबाईंना वाचता येत नाही.

शेवटी एक. शाखेने असेही कळवले आहे की नियमाप्रमाणे तक्रार फक्त अभ्यासातील सहभागी व्यक्ती करू शकते, सबब अशा अर्जावर पतीची सही आवश्यक आहे. वेणुगोपाल गेल्या शनिवारी पेन घेऊनच आले होते आणि सही करायला मनापासून तयार होते. अर्जदाराने ती घेतली नाही. हा अर्ज तिचा आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
हेमावती वेणुगोपाल राव

होसकोटे, १८ जून २०२५

सोबत : खासगी प्रयोगशाळेच्या निकालाची प्रत. पतीचे संमतिपत्र जोडलेले नाही.