खिडकीखालचा बारा अंशांचा समुद्र

२ जून, सकाळ
निर्णय झाला. थंड पाण्याचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. मेहुण्याकडे आहे तो गरम पाण्याचा. रंगीत मासे, बटण दाबलं की निळा दिवा. तसला टँक दाताच्या दवाखान्यातही असतो. माझं पाणी बारा अंशांवर राहणार आणि त्यात समुद्रफुलं असणार. दिसायला फूल, पण प्राणी. मेहुण्याचं तोंड कायमचं बंद झालं पाहिजे.
संकल्प: डिझाइन स्वतः करणार. कुणाचाही सल्ला घेणार नाही.

५ जून
जागा ठरली. दिवाणखान्यातली मोठी खिडकी. तिथे बायकोचं शिलाई मशीन होतं, ते पॅसेजमध्ये हलवलं. ती म्हणाली, काळ्या कापडावर काळी शिलाई मला तिथल्याच उजेडात दिसते. मी म्हटलं, वर बल्ब लावून देतो.
उन्हाने पाणी तापतं, म्हणून खिडकीला आतून फळी ठोकली. तर म्हणते, खिडकी बंदच करायची होती तर दुसरी भिंत नव्हती का? डिझाइनमध्ये सिमेट्री नावाची गोष्ट असते. आयुष्यभर दोन बाह्या सारख्या बेतणाऱ्या बाईला हे कळू नये?

९ जून
काचवाल्याशी भांडण. म्हणे, पाणी एवढं गार ठेवलं तर एकेरी काचेला बाहेरून घाम सुटेल, जाड ॲक्रिलिक घ्या, नाहीतर कारखान्यातून तयार डबल काच मागवा. ॲक्रिलिकला ओरखडे पडतात. डबल काच बोजड दिसते. मला एकेरी, पातळ, बिनफ्रेमची काच हवी. विकणारा तो आणि अक्कलही तोच शिकवणार! शेवटी कबूल झाला. फक्त म्हणाला, माझ्या दुकानाचं नाव कुणाला सांगू नका.
का सांगेन? श्रेय माझं आहे.

१९ जुलै
माशांच्या दुकानदाराने पाणी मुरायचं म्हणून महिनाभर थांबवलं. आज एकदाचं एक लाल समुद्रफूल दिलं. चिलर सुरू केला. हा पाणी गार करतो आणि खोली गरम, पॅसेजसकट. बायको म्हणाली, पॅसेजमध्ये बसवत नाही. मोठ्या कामात थोडी झळ सगळ्यांनाच बसते.
संध्याकाळी पाणी बारा अंश. जिंकलो! मेहुण्याला रविवारी जेवायला बोलावलं.

२३ जुलै, रविवार
मेहुणा टँकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, आत काय आहे?
काचेला घाम. घाम कसला, ओघळ. पंच्याने समोरची बाजू पुसली, तोवर डावी पांढरी. डावी पुसली, तोवर समोरची. शेवटी मी आणि मेहुणा दोन बाजूंनी पुसत होतो. मेहुणा म्हणाला, भाऊजी, छान आहे, धुकं मिठाबरोबर फुकट मिळतं का? तळपायाची आग मस्तकात गेली. बायको हसली. सख्ख्या नवऱ्याला हसली.

२४ जुलै
कारण सापडलं. इस्त्री! बायको पॅसेजमध्ये वाफेची इस्त्री करते, ती वाफ सरळ काचेवर येते. बजावलं, आजपासून घरात इस्त्री बंद. ती म्हणाली, मग गिऱ्हाइकांना कपडे चुरगळलेले देऊ? मी म्हटलं, दे. तिने इस्त्रीचा प्लग काढला.
शहाण्याला शब्दाचा मार पुरतो.

२६ जुलै
मेहुणा टेम्पो घेऊन आला. मशीन, इस्त्री, बायको, तिन्ही गेली. जाताना म्हणाली, खिडकी मोकळी झाली की कळवा. एवढ्याशा कारणावरून कुणी घर सोडतं? राग तर मला यायला हवा. आलाच आहे.
काचेला अजून घाम आहे. वाफ भिंतीत मुरली असणार.

४ ऑगस्ट
डबल काच. कल्पना सर्वस्वी माझी. काचवाला मागे काहीतरी पुटपुटला होता, पण त्याने नीट समजावलं नाही. बाहेरून दुसरी काच मी स्वतः चिकटवली. चारी कडांना सीलंट भरलं. मुंगी शिरणार नाही.

६ ऑगस्ट
घाम आता दोन काचांच्या मध्ये.
तिथे पंचा पोचत नाही. बोटही पोचत नाही. काचवाल्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, मधली हवा कोरडी लागते, तुम्ही घरातली दमट हवा कोंडलीत, म्हणून तर नऊ जूनला कारखान्याची सांगितली होती. तारखा लक्षात ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत.

१३ ऑगस्ट
समुद्रफूल दुकानदाराला परत केलं. त्याने ते आधी तपासलं आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, जिवंत आहे. हे असं सांगायची पद्धत आहे?

२० ऑगस्ट
पाणी उपसलं. टँक जिन्याखाली ठेवला. फळी काढली. दिवाणखानाभर ऊन आलं. घरात एवढी धूळ होती हे माहीत नव्हतं.
बायकोला फोन केला. मोठ्या मनाने सांगितलं, खिडकी मोकळी केली आहे, ये. ती म्हणाली, बरं केलंत. मग म्हणाली, दादाने गच्चीलगतची खोली दिली आहे, तिन्ही बाजूंनी उजेड आहे, गिऱ्हाइकंही आता इकडेच यायला लागलीत. जेवलात का, असंही विचारलं. मी चिडलो. म्हटलं, यायचं तर आजच ये, नाहीतर येऊच नकोस!
ती म्हणाली, ठीक आहे.
फोन ठेवला. मी कुणाची मनधरणी करणारा माणूस नाही.
जरा वेळाने परत लावला. मग परत एकदा. उचलला नाही. मशीन चालू असणार. त्या आवाजात रिंग ऐकू जात नाही.