चैत्रालीने निवडलेला गुलाब

एडिंबरा, मंगळवार

अहो,

नमस्कार. इथली थंडी सोसते आहे, काळजी नको. गुडघाही बरा आहे; जिना तेवढा बसत बसत उतरते.

काल आपल्या सूनबाईंबरोबर नर्सरीत गेले होते. चैत्रालीला मागच्या अंगणात गुलाब लावायचा होता. तिथे ऊन जेमतेम दुपारपर्यंत, मग नुसता गारठा. मी आपली टपोऱ्या लाल फुलापाशी थांबले. ही पोरगी फुलांकडे बघेचना! पानं उलटून बघत होती.

"आई, हा दिसतो मस्त, पण सावलीत याला लगेच काळे डाग पडणार. मग सारखं स्प्रे मारत बसा."

शेवटी साध्या, फिकट गुलाबी फुलाचं झाड घेतलं. पानं मात्र जाड, चकचकीत, एकावरही डाग नाही. अर्ध्या उन्हातही फुलतं म्हणे. वारा खेळावा म्हणून भिंतीपासून लांब लावलं. हुशार आहे हो!

अंबरनाथला गॅलरीतल्या माझ्या कुंड्यांना पाणी घालता ना? पानांवर नको, बुडाशी घाला. आणि बीपीची गोळी?

तुमच्या आई मला बघायला आल्या, तेव्हा म्हणाल्या होत्या, "सावळी आहे, पण काटक आहे. आजारी पडायची नाही." इतकी वर्षं ते मनाला लागून होतं. काल ते झाड बघून पहिल्यांदाच बरं वाटलं.

तुम्ही मात्र तेव्हा काहीच बोलला नव्हतात. तुम्ही काय बघितलं होतंत? फोनवर नको, आपला गंधार स्पीकर चालू ठेवतो. लिहून पाठवा.

उत्तराची वाट बघणारी,
उमा