‘शुक्रावर स्वारी’तील कथनदोष

७ जानेवारी १९५८, मंगळवार
साडेसातला खाली कमलाकांतरावांकडे. चाळीत रेडिओ त्यांचाच. ‘शुक्रावर स्वारी’, भाग तिसरा. कथा बरी, सांगण्यात दोष फार. वजनरहित अवस्थेत कॅप्टन बशीतून चहा पितो! वर वायरलेसवाला शेखर आणि कुलाब्याच्या केंद्रावरची सुमित्रा यांचे हळवे प्रकरण. वैज्ञानिक कथेत बाई कशाला? उभे राहून वीस मिनिटे मुद्दा मांडला. दुर्गाकाकू म्हणाल्या, बस की रे, मैदान आहे का हे? यानात स्वयंपाक कोण करतं ते सांग आधी.
त्यांची मुलगी नलू शाळेत शिकवते. ती म्हणाली, बशीचं राहू द्या हो. शेखर सगळ्या विश्वाच्या बातम्या देतो, सुमित्राला एक वाक्य सांगत नाही, हा दोष नाही का?
चेहरा लाल झाला होता तिचा. खोलीत उकाडा असावा.

८ जानेवारी
रेडिओला पत्राचा मसुदा केला. मागणी: बशी काढा, सुमित्रा काढा. माझे अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून फेअर कॉपी नेहमीप्रमाणे नलूकडे. समितीची पत्रकेही तीच उतरवते.
तिच्याविषयी माझ्या मनात काय आहे ते तिला ठाऊक असणारच. बोलण्याची गरज नाही. शिवाय परळच्या सभेत प्रतिज्ञा केली आहे: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही. आधी ठरवले नव्हते, वाक्याच्या ओघात आली. टाळ्या प्रचंड. नलू बायकांत बसली होती. तिनेही वाजवल्या असतील.

१४ जानेवारी, संक्रांत
नलूने तिळगूळ दिला. म्हणाली, गोड राहू द्या, नुसतं बोला.
कालच लालबागला दोन तास बोललो. हिला कळले नाही?

२१ जानेवारी
भाग पाचवा. यान लवकरच शुक्राच्या आड जाणार, संपर्क तुटणार. शेखर अजून गप्प. ध्येयापुढे वैयक्तिक गोष्ट नको, हे एकच पात्र लेखकाला साधले आहे, असे मी म्हटले. नलूने विचारले, सुमित्रा कुठवर थांबेल? मी म्हटले, लेखक थांबवील तोवर. ती म्हणाली, लेखकाचं ठीक आहे हो, तिला घरी आईबाप असतील की.
दुर्गाकाकू लगेच म्हणाल्या, अँटॉप हिलचं स्थळ आलंय, सरकारी क्वार्टर आहे.
सरकारी नोकर! नलू कसली होकार देते. निश्चिंत.

२८ जानेवारी
आज भागाआधी रेडिओवर श्रोत्यांची पत्रे वाचली. ‘गिरगावचे मनमोहन कोठारे लिहितात: बशीचे सोडा. शेखरला आधी बोलू द्या. सुमित्रा थांबली आहे, पण तिच्या घरचे थांबणार नाहीत.’
माझ्या नावावर हा हळवेपणा! सरळ सेन्सॉर! जागच्या जागी निषेध केला. त्या नादात पुढचा भाग कुणालाच ऐकू आला नाही. कमलाकांतरावांनी कपाळाला हात लावला. नलू उठून आत गेली. तिलाही माझ्याइतकाच संताप आला असणार. निषेधपत्राचा मसुदा केला, कॉपीसाठी तिच्याकडे पाठवला.

३० जानेवारी
मसुदा तसाच परत. सोबत चिठ्ठी: बोटं दुखतात. तुमचं तुम्हीच लिहा.
थंडीने दुखत असतील. रविवारी विचारपूस करायची. निश्चय.

२ फेब्रुवारी, रविवार
चिंचपोकळीला सभा. विचारपूस राहिली. परत आलो तर जिन्यात साखरपुड्याचे पेढे वाटत होते.

२३ फेब्रुवारी, रविवार
नलूचे लग्न. पंक्तीत वाढायला होतो. निघताना ती जवळ आली. शेवटचा भाग मंगळवारी झाला, तो तिचा गडबडीत राहिला होता. शेखर बोलला का हो, विचारले.
म्हटले, बोलला. यान शुक्राआड गेल्यावर. ऐकायला कुणी नव्हतं.
ती म्हणाली, मग हा दोष कुणाचा?
टॅक्सी निघाली.
ते पत्र कुणी बदलले, हे टॅक्सी कोपऱ्यावर वळल्यावर लक्षात आले.

१ मे १९६०, रविवार
राज्य झाले. मुंबईसह. सकाळपासून ढोल, गुलाल, तीन ठिकाणी भाषणे. प्रतिज्ञेतून मोकळा.
दुर्गाकाकूंनी पेढा दिला. म्हणाल्या, आता लग्नाला हरकत नाही हो तुझ्या. हो म्हणालो. पेढा खाल्ला.
‘शुक्रावर स्वारी’ पुन्हा लावणार आहेत, असे कमलाकांतराव म्हणाले. श्रोत्यांची मते मागवली आहेत. बशीविषयी लिहायला बसलो. बशी आली नाही. एकच वाक्य आले, नलूचे: शेखरला आधी बोलू द्या. स्वतःच, सावकाश, एकेक अक्षर काढून लिहिले.
कार्ड टाकण्यापूर्वी वाचून पाहिले. माझे अक्षर मलाच लागले नाही.