चांगू उतेकर जिवंत असेतो निकाल लागावा म्हणून

प्रति,
मा. सत्र न्यायाधीश महोदय,
सत्र न्यायालय.

विषय : पतीच्या खुनाचा खटला रोजच्या रोज चालवून आरोपी हयात असतानाच निकाल देणेबाबत.
संदर्भ : सत्र खटला क्र. ४१/२०१७, फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ३०९.

महोदय,

मी तुळसा श्रीपत उतेकर, वय ६६, राहणार कशेडी घाटाखालील वाडी, ता. पोलादपूर, सविनय अर्ज करते की,

१. माझा दीर चांगू उतेकर याने दि. ७ जून २०१६ रोजी बांधाच्या वादातून माझे पती श्रीपत यांच्यावर कोयत्याने वार केले. ते शेतातच गेले. मी व सासूबाई ठकूबाई यांनी हे डोळ्यांनी पाहिले.

२. ठकूबाई पोटच्या मुलाविरुद्ध साक्ष देण्यास अकरा वेळा कोर्टात आल्या. अकराही वेळा आरोपीच्या वकिलांनी तारीख मागून घेतली. गेल्या वर्षी त्या वारल्या. शेवटी एवढेच बोलल्या, "माजं सांगायचं ऱ्हायलं गो."

३. माझी साक्षही दीड वर्षापासून अर्धवट आहे. साक्षीदार हजर असताना विशेष कारणाशिवाय तहकुबी देऊ नये, असे वरील कलम सांगते. मी प्रत्येक तारखेस हजर होते. वकील मात्र कधी आजारी, कधी लग्नाला.

४. मागील तारखेस आरोपी, जो जामिनावर आहे, कोर्टाच्या आवारात छाती धरून कोसळला. त्याचे लोक गोंधळून उभे होते. सरकारी वकिलांनी मला पूर्वीच सांगितले होते की, आरोपी मेला की खटला बंद. म्हणून मीच धावले, त्याचे डोके मांडीवर घेतले, रुग्णवाहिका बोलावली व महाडच्या दवाखान्यापर्यंत सोबत गेले. शुद्धीवर येताच तो हात जोडून म्हणाला, "वयनी, उपकार झाले." मी म्हटले, "उपकार नाय. निकाल ऐक, मग मर."

५. तो आता घरी आहे व चालतो-फिरतो. तरी पुढील तारखेपासून सुनावणी सलग घ्यावी. त्याचे वय व आजार पाहून शिक्षेत सूट देऊ नये. माझ्या पतीस त्याने एका घोटाचीही सूट दिली नव्हती. पाणी मागत गेले.

६. निकालाच्या दिवशी मला पुढच्या बाकावर बसू द्यावे. मला कमी ऐकू येते, आणि त्यातला एकही शब्द मला चुकवायचा नाही.

आपली नम्र अर्जदार,
तुळसा श्रीपत उतेकर
दि. १ सप्टेंबर २०२५

सोबत : ठकूबाई यांचा मृत्यू दाखला.