लाल नेलपॉलिशची अक्षरं

कोल्हापूर, १४ नोव्हेंबर २००६

मीच घाण केली. दुसऱ्या कुणाला काय बोलणार?

जुने कॉम्प्युटर जमवणारे पुण्याचे पावणे आज दुपारी आले. बायकोच्या, सुमनच्या, टायपिंग क्लासातल्या पहिल्या कॉम्प्युटरचा फोटो मी त्यांना पाठवला होता. विकायला तिची ना नव्हती. किंमत काय सांगायची, ह्याचाच मला आठवडाभर घोर. मळकं बघून पाडून मागतील, म्हणून काल ती गारगोटीला बहिणीकडं गेल्यावर अख्खं मशीन पुसून लख्ख केलं. नव्या पोरींना सापडावीत म्हणून तिनं कीबोर्डवर लाल नेलपॉलिशनं मराठी अक्षरं काढली होती. तीही रिमूव्हरनं घासून काढली. शहाणाच मी!

पावण्यांनी कीबोर्ड उचलून उजेडात धरला. "अहो, अक्षरं कुठं गेली? असली मशिनं माझ्याकडं चार आहेत. मी त्या अक्षरांसाठी आलो होतो."

"परत काढून देतो की, पावणं," म्हणालो. काय बोलून गेलो हे! ते हसलेसुद्धा नाहीत, उलट मलाच विचारलं, "आता तुम्हीच सांगा, काय किंमत लावू?" मी चहा टाकायला आत पळालो. तो पिऊन पावणे रिकाम्या हातानं गेले.

संध्याकाळी सुमन आली. कीबोर्डवरनं बोटं फिरवली. "सगळं पुसलासा व्हय?" एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

एक 'ळ' तेवढा फडक्यातनं सुटलाय, लाल. मघापासून ती त्याच्यावर बोट ठेवून बसलीय, आणि मला आत जाववत नाही.