निळ्या शर्टाची बटणं

दूध तापवून झाकलंय. खिडकीत एक ढग अडकून बसलाय. माझ्या निळ्या शर्टाची सगळी बटणं आज जागेवर आहेत. पहाटे स्वप्नात तुझं तीन महिने बंद असलेलं शिलाई मशीन चालत होतं आणि आपलं घर होडीसारखं संथ सरकत होतं.

धाकट्या, मी डॉक्टरांकडे जातेय. तुझ्याच त्या मनाच्या डॉक्टरांकडे, पण या वेळी माझ्यासाठी. तुला "होईल रे सगळं नीट" म्हणता म्हणता माझाच आवाज मला लांबून ऐकू यायला लागलाय. घाबरू नकोस, नुसतं बोलायचंय.

आईचा फोन आला तर "झोपलोय" सांगू नकोस. झोपलेला माणूस फोन उचलत नाही, हे तिलाही कळतं.

बाराला मोकळी होईन. तिथून एकटीनं परत यायला नको वाटतंय. निदान आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत येशील? नाही जमलं तर रागावणार नाही. आलास तर आंघोळ करून ये, हल्ली कबुतरंसुद्धा तुला बघून नाक मुरडतात.

मशीनवरची चादर तुला वाटेल तेव्हा काढ.

ताई

गेल्या महिन्यात तू तीनदा लावलेलं निळ्या शर्टाचं ते बटण तिन्ही वेळा मीच तोडलं होतं, तू सुई-दोरा हातात घ्यावास म्हणून.