यंत्राच्या डोळ्यावरचं कुंकू

प्रोफेसर दादा,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. तुझ्या कॉलेजातली शोकसभा ऐकून काल घरी परतले. तुला चार शब्द सुनावल्याशिवाय आता माझ्याच्यानं राहवत नाही.

काय काय बोलले रे तुझ्याबद्दल! सरांनी यंत्रांना बुद्धी दिली, सरांनी यंत्रांना डोळे दिले. ज्याला सख्ख्या आईचा चेहरा वाचता आला नाही, तो यंत्रांना बघायला शिकवत होता. वा!

मिरची तोडणारा तुझा रोबो तू आपल्या मळ्यात आणलास, आठवतं? बाबांनी मांडव घातला, नंदुरबारहून पाहुणे आले. नवा ट्रॅक्टर आला की करते तेच आईनं केलं. नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं. रोबोचं कपाळ समजून तिनं बोट टेकवलं ते नेमकं कॅमेऱ्यावर! रोबो मिरची सोडून पानं ओरबाडू लागला आणि तू सगळ्यांदेखत ओरडलास, "अडाणी बाई, वाट लावलीस माझ्या कामाची!" आई तोंडाला पदर लावून घरात गेली. तिच्यामागे मी.

तेव्हापासून दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा असली की ती ताट माझ्या हातात देते आणि लांब उभी राहते. फोनवर तुला विचारायची, "मशीन चालस का रे भाऊ?" तू म्हणायचास, "तुझ्या कुंकवातून वाचलं तर चालेल." किती विनोदी रे तू!

काल सभेनंतर तुझा एक विद्यार्थी भेटला. कुंकवाची गोष्ट सर दर वर्षी वर्गात सांगायचे, म्हणाला. मग भाबडेपणानं पुढचंही सांगून गेला. त्या दिवशी मळ्यात तुझ्यासोबत तोही होता आणि कॅमेरा त्यानं तिथल्या तिथे पुसला होता. तरी रोबो पानंच ओरबाडत राहिला, कारण तुम्ही त्याला प्रयोगशाळेत टेबलावर पसरलेली मिरची दाखवून शिकवलं होतं. झाडावर पानाआड लटकणारी मिरची त्यानं कधी पाहिलीच नव्हती. मिरचीच्या मळ्यात वाढलेल्या माणसाची ही हुशारी!

तुला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं. पुढे चूक सुधारलीस, नाव कमावलंस आणि खापर मात्र आईच्या डोक्यावर राहू दिलंस. एक फोन करवला नाही? भित्रा कुठला!

आज तुझ्या फोटोला हार घातला. आई कुंकवात बोट बुडवून उभी राहिली आणि मागे सरली. "नको वं माय, त्याले राग ई जाई. मन्हामुळेच बिघडनं ना त्यानं मशीन?" तुझं मशीन आपल्यामुळेच बिघडलं, असं तिला अजून वाटतं आणि तुझ्या रागाला ती अजून भिते.

मला रडू फुटलं. ते तुझ्यासाठी होतं असं समजू नकोस.

तर ऐक. हे पत्र संपलं की मी तिला सगळं सांगणार आहे. ती तुझीच बाजू घेईल, मलाच दटावेल. तरी सांगणार. मग तिचा हात धरून तुझ्या कपाळावर मधोमध कुंकू लावायला लावणार आहे. हिंमत असेल तर पुसून दाखव.

तुझी धाकटी बहीण,
शोभा